विश्लेषण : जुनी जीप की नवी ‘थार’? आष्ट्याच्या पाणंदीवर कसोटी नेमकी कशाची?

गोल दिवे, चौकोनी अंग, बाहेर आलेले मडगार्ड आणि मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी. महिंद्राची ‘थार’ समोरून आली की आष्टा, वाळवा, इस्लामपूर पट्ट्यातल्या ज्येष्ठांना साखर कारखान्याच्या शेतकी विभागाची किंवा पंचायत समितीची जीप आठवते. तरुणांना आठवते ती मोबाइलवर पाहिलेली रील. मग पारावर वाद सुरू होतो. एक म्हणतो, ‘जुनी ती जुनीच, तशी गाडी पुन्हा होणे नाही.’ दुसरा म्हणतो, ‘नवीपुढे जुनी म्हणजे भंगार.’

दोघांचेही निम्मेच खरे आहे. थारला जीपचा चेहरा मिळाला आहे आणि सुरक्षिततेत ती जीपच्या कितीतरी पुढे गेली आहे. पण जीप जे काम करायची, ते काम प्रत्येक थार करू शकत नाही. घरात दहा-पंधरा लाखांचा निर्णय घेताना हा फरक माहीत असायला हवा.

जीप आष्ट्यापर्यंत आली कशी?

जीपचा जन्म लष्करासाठी झाला. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलकी, चारही चाकांवर चालणारी गाडी मागवली आणि नमुना तयार करण्यासाठी अवघे ४९ दिवस दिले. बॅन्टम या छोट्या कंपनीने तो वेळेत दिला. मोठ्या प्रमाणावर उत्पादन मात्र विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनी केले. दुसऱ्या महायुद्धात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या.

१९४५ मध्ये स्थापन झालेली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ भारतातच बनू लागली आणि वेगवेगळ्या नावांनी ती कित्येक दशके टिकली. ‘एमएम ५४०’ हा त्याच घराण्यातला वारसदार.

सांगली, सातारा, कोल्हापूर भागात जीप म्हणजे कामाची गाडी होती. ऊसनोंदीला रानात जाणारे शेतकी कर्मचारी, गावोगाव फिरणारे बीडीओ, निवडणुकीचा प्रचार, नवरदेवाची वरात आणि अडीअडचणीला दवाखाना, सगळ्याला तीच. ‘वडाप’च्या धंद्यात तिची लांब भावंडे धावली. कमांडरच्या मागच्या पायरीवर उभे राहून प्रवास केलेली एक अख्खी पिढी या भागात आहे.

इंजिनात किती फरक पडला?

इथे आकडे बोलके आहेत. १९४१ च्या विलीज जीपमध्ये २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन होते आणि त्याची ताकद होती ६० अश्वशक्ती. ‘एमएम ५४०’मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले २.१ लिटरचे डिझेल इंजिन आले. त्याची ताकद साधारण ६२ अश्वशक्ती. ऑक्टोबर २०१० मध्ये ‘थार’ हे नाव पहिल्यांदा बाजारात आले, तेव्हा तिच्या स्वस्त ‘डीआय’ प्रकाराची ताकद होती ६३ अश्वशक्ती. म्हणजे जवळपास सत्तर वर्षांत साध्या जीपच्या ताकदीत फार तर तीन घोड्यांची भर पडली.

उडी मारली ती ‘सीआरडीई’ इंजिनाने. २०१० च्या महागड्या थारला १०५ अश्वशक्ती मिळाली. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या पिढीत २.२ लिटर डिझेलला १३० आणि २ लिटर पेट्रोलला १५० अश्वशक्ती आहे. चाक फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, विलीजमध्ये १४० न्यूटन मीटरच्या आसपास होता. नव्या डिझेल थारमध्ये तो ३०० आहे. सोबत सहा गिअर आणि हवा असल्यास ऑटोमॅटिकही. विलीजला गिअर होते तीन.

हायवेवर हा फरक लगेच जाणवतो. जुन्या जीपमध्ये ताशी ७० च्या पुढे गेले की माणसाला माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. नव्या थारमध्ये आष्ट्याहून निघून पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येता येते आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरत नाही.

‘फोर बाय फोर’ म्हणजे नेमके काय?

साध्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना मिळते. फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ‘ट्रान्सफर केस’ नावाचा आणखी एक डबा असतो. त्याचा वेगळा लिव्हर ओढला की ताकद पुढच्या आणि मागच्या, दोन्ही एक्सलकडे जाते.

याच डब्यात ‘लो रेंज’ असते. ती लावली की गाडीचा वेग कमी होतो आणि चाकावरचा जोर साधारण अडीच पट होतो. गंमत म्हणजे हे अडीच पटीचे गणित जुन्या ‘सीजे-३बी’मध्येही जवळजवळ तेच होते आणि २०२० च्या थारमध्येही तेच आहे. साठ-सत्तर वर्षांत बाकी सगळे बदलले, पण चढणीवर आणि चिखलात मुंगीच्या पावलाने गाडी काढण्याचे गणित बदलले नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. फोर बाय फोर लावले म्हणजे चारही चाके सारखी ओढतात, असे नाही. प्रत्येक एक्सलवर डिफरन्शियल असते. वळताना आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरावे, हे त्याचे काम. पण एक चाक चिखलात सुटले की हेच डिफरन्शियल सगळी ताकद त्या सुटलेल्या चाकाला देऊन टाकते. ते जागच्या जागी गरगरते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक शांत बसते.

जुन्या जीपमध्ये यावर उपाय होता चालकाचे कसब आणि मागून धक्का देणारी चार माणसे. नव्या थारच्या फोर बाय फोर प्रकारांत गरगरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, म्हणजे ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. वरच्या प्रकारात मागचे डिफरन्शियल यांत्रिकरीत्या ‘लॉक’ होण्याचीही सोय आहे. इथे नवी गाडी निर्विवाद पुढे आहे.

मग पाणंदीवर कोण जिंकेल?

इथे उत्तर इतके सोपे नाही. नव्या थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे. समोरून चढण्याचा कोन ४१.८ अंश आणि उतरताना मागचा कोन ३६.८ अंश. खडकाळ घाटवाटेवर हे आकडे उत्तम आहेत.

पण पाणंद म्हणजे घाट नव्हे. दोन्ही बाजूंनी ऊस झुकलेला, मधे बैलगाडीच्या काळात पडलेल्या दोन चाकोऱ्या आणि वळणावर कुणाचा तरी बांध पुढे आलेला. १९४१ ची विलीज १.५७ मीटर रुंद होती, आजची थार १.८२ मीटर आहे. हा पाव मीटरचा फरक शोरूमच्या फरशीवर दिसत नाही. समोरून ट्रॅक्टर आला की दिसतो. विलीजच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर सुमारे २ मीटर होते, थारचे २.४५ मीटर आहे. आखूड गाडी बांधावरून पोट न घासता पलीकडे जाते आणि कमी जागेत वळते.

वजनाचाही मुद्दा आहे. जुनी जीप टनभराच्या आसपास होती, नवी थार पावणेदोन टनांच्या घरात आहे. हे वजन उगाच वाढलेले नाही. त्यात मजबूत सांगाडा, एअरबॅग, एसी आणि बंद टप आहे. पण ओल्या काळ्या रानात जड गाडी आधी रुतते.

वाफसा नसताना काळ्या मातीत मात्र दोघींचाही पराभव ठरलेला आहे. ही चिकण माती टायरच्या नक्षीत भरते आणि बघता बघता टायर गुळगुळीत होतो. मग चार चाके फिरोत की दोन, गाडी जागेवरच. तिथे गरज असते ती ट्रॅक्टरची आणि त्याहून जास्त पक्क्या पाणंद रस्त्याची. लाखो रुपयांच्या गाडीने रस्त्याची उणीव भरून काढता येत नाही.

दिसायला थार, पण चाके दोनच?

खरेदीदाराची सर्वांत मोठी फसगत इथे होऊ शकते. जानेवारी २०२३ मध्ये थारचा फक्त मागच्या चाकांवर चालणारा प्रकार आला. त्यात १.५ लिटरचे डिझेल इंजिन मिळते. रस्त्यावरून जाताना ती आणि फोर बाय फोर थार यांतला फरक पटकन ओळखू येत नाही. चेहरा तोच, रुबाब तोच. फक्त ट्रान्सफर केस नाही आणि लो रेंजही नाही. पाच दारांची ‘थार रॉक्स’ ऑगस्ट २०२४ मध्ये आली. तिच्याही अनेक प्रकारांत दोनच चाके ओढतात.

यात वाईट काही नाही. ज्याची गाडी ९९ टक्के वेळ डांबरावर धावणार, त्याने न वापरायच्या यंत्रणेचे पैसे का द्यावेत? पण ‘थार आहे, कुठूनही निघेल’ या भरवशावर दोन चाकांची गाडी पावसाळ्यात फडापर्यंत नेली, तर ती इतर कोणत्याही मोटारीसारखीच रुतेल.

यात कराचाही वाटा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटी रचनेत चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के कर आहे. त्यापेक्षा मोठ्या इंजिनावर ४० टक्के. तीन दारांची थार ३.९८५ मीटर लांब आहे. त्यामुळे १.५ लिटरची दोन चाकांची थार १८ टक्क्यांत बसते, तर २.२ लिटरची फोर बाय फोर ४० टक्क्यांत जाते. कराची रेघ इंजिनाच्या आकारावर ओढलेली आहे, गाडी कोणत्या कामाची आहे यावर नाही. परिणाम असा की जीपसारखी दिसणारी गाडी स्वस्त पडते आणि जीपसारखे काम करणारी महाग.

६५० मिलिमीटर पाणी म्हणजे किती?

कृष्णा-वारणा काठाने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्यामुळे ‘पाण्यातून जाणारी गाडी’ हा या भागात नुसता जाहिरातीचा विषय नाही.

कंपनीच्या दाव्यानुसार नवी थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. म्हणजे दोन फुटांहून थोडे जास्त, साधारण गुडघ्याच्या वर. पण हा आकडा संथ पाण्यासाठी आणि खाली रस्ता शाबूत आहे हे माहीत असताना लागू होतो. वाहते पाणी वेगळे असते. दोन फूट वाहते पाणी एसयूव्हीसह बहुतेक गाड्या उचलून नेऊ शकते. पुलावरून पाणी वाहत असेल, तर ६५० हा आकडा विसरून जावा.

जुन्या जीपबद्दलही एक दंतकथा आहे, ‘पाण्यात बंदच पडायची नाही’. तिच्या डिझेल इंजिनाला सेन्सर नव्हते, इंधनाचा पंप यांत्रिक होता. एकदा सुरू झालेल्या इंजिनाला चालू राहायला विजेची फारशी गरज नसे. तेवढे खरे. पण हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले की जुने इंजिनही तसेच मोडते. आणि प्रवाहाला गाडीचे मॉडेल कळत नाही.

सुरक्षिततेत तुलना होऊ शकते का?

होऊ शकत नाही, आणि जुन्या जीपच्या आठवणीत रमणारे नेमके हेच विसरतात. जुन्या जीपमध्ये एअरबॅग नव्हती, एबीएस नव्हते. मागे समोरासमोर दोन बाकडी असत आणि त्यावर बसलेल्याला धरायला फक्त हूडचा पाइप. धडक झाली तर आघात शोषून घेणारा भागच गाडीत नव्हता. तो आघात थेट माणसांपर्यंत पोहोचायचा. २०१० ची थारही एअरबॅगशिवायच आली होती.

नव्या थारला नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या आणि मुलांच्या, दोन्ही सुरक्षिततेसाठी ५ पैकी ४ तारे मिळाले. समोरून धडकेची ही चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने होते. यात एक तपशील महत्त्वाचा आहे. चाचणी झाली ती मागची आसने पुढे तोंड करून असलेल्या गाडीची. सुरुवातीला आडव्या बाकड्यांचा प्रकारही जाहीर झाला होता, तो पुढे मागे पडला. पाच दारांच्या रॉक्सला भारत एनकॅपमध्ये ५ तारे आहेत.

गळीत हंगामात रात्री आष्टा-सांगली रस्त्याने गेलेल्याला हे तारे कशासाठी ते सांगावे लागत नाही. समोर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर पाचटाखाली झाकलेला. अशा वेळी एबीएस असलेला ब्रेक आणि छातीसमोर उघडणारी एअरबॅग हीच काय ती आशा. जुनी जीप कितीही लाडकी असली, तरी लेकराबाळांना घेऊन रात्री या रस्त्याला लागायला ती योग्य नाही.

मिस्त्रीचा पाना की स्कॅनर?

जुन्या जीपची बाजू भक्कम आहे ती इथे. बॉनेट उघडले की इंजिनाच्या बाजूने खाली जमीन दिसायची. पान्यांचा एक संच, थोडी तार आणि अनुभवी मिस्त्री, एवढ्यावर ती पुन्हा चालू व्हायची. पाटा तुटला तर गावातच बदलला जायचा. सुटे भाग जुन्या बाजारातही मिळायचे.

नव्या इंजिनात इंधन किती आणि कधी सोडायचे, हे संगणक ठरवतो. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो आणि त्यासाठी बहुतेकदा कंपनीचे सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. नवी गाडी वारंवार बिघडत नाही, हे खरे. पण बिघडली तर मालक आणि गावचा मिस्त्री दोघेही बघत राहतात.

याचा उपाय जुन्या तंत्रज्ञानाकडे परतणे हा नाही. प्रदूषणाचे नियम आवश्यक आहेत आणि ते पाळायला संगणक लागणारच. उपाय आहे दुरुस्तीची माहिती आणि साधने स्वतंत्र गॅरेजलाही मिळण्याचा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात वाहने आणि शेती अवजारे दोन्ही क्षेत्रे आहेत. पोर्टलवर पुस्तिका टाकल्याने प्रश्न सुटत नाही. आष्ट्यासारख्या गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वर्षानुवर्षे इंजिने उघडणारे मिस्त्रीही आहेत. कमी आहे ती कंपन्यांकडून मिळणाऱ्या खुल्या माहितीची आणि परवडणाऱ्या स्कॅनरची.

जुनी जीप ठेवायची असेल तर?

हौस म्हणून जरूर ठेवावी, पण नियम पाहून. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही.

चासी कापून, इंजिन बदलून, रुंद टायर लावून केलेल्या ‘मॉडिफाइड’ जीपपासून सावध राहावे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा गाडीला अपघात झाला, तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

चेहरा कुणाकडे गेला, काम कुणाकडे?

या चेहऱ्यावरून थेट अमेरिकेत खटला झाला. महिंद्राने २०१८ मध्ये तिथे ‘रॉक्सर’ नावाची, जुन्या जीपच्या वळणाची गाडी आणली. जीप ब्रँडची मालक असलेल्या फियाट क्रायस्लरने आक्षेप घेतला आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्या रूपातल्या रॉक्सरची विक्री थांबवली. कंपनीला समोरचा भाग बदलावा लागला. चेहऱ्याची किंमत किती असते, ते यावरून कळते.

पण आष्ट्याच्या शिवारात जीपचे काम आज कोण करते? खत, बियाणे आणि जनावरांचा चारा पिकअप वाहते. चिखलात ट्रॅक्टर जातो. बांधापर्यंत माणूस दुचाकीने पोहोचतो. वडापची जागा बऱ्याच ठिकाणी व्हॅनने आणि घरोघरच्या मोटारसायकलींनी घेतली. जीपचे काम असे चार जणांत वाटले गेले आणि तिचा चेहरा तेवढा थारकडे आला.

त्यामुळे थारला जीपची ‘वारसदार’ म्हणताना कोणता वारसा, हे विचारले पाहिजे. फोर बाय फोर थार हा वारसा खऱ्या अर्थाने पुढे नेते आणि माणसांची काळजी जीपपेक्षा कितीतरी चांगली घेते. दोन चाकांची थार ही चांगली, रुबाबदार मोटार आहे. तिला जीप समजू नये, एवढेच.

शोरूममध्ये काय विचारावे?

पहिला प्रश्न रंगाचा नको. ‘किती चाके ओढतात आणि लो रेंज आहे का’, हा हवा. दुसरा, ‘या प्रकारात सुरक्षिततेच्या कोणत्या सोयी आहेत आणि चाचणी याच आसनरचनेची झाली होती का’. तिसरा, ‘जवळचे सर्व्हिस सेंटर किती अंतरावर आहे आणि हंगामात गाडी किती दिवस अडकते’. चौथा प्रश्न घरीच विचारायचा : वर्षातून किती दिवस गाडी डांबर सोडणार?

उत्तर दोन-चार दिवस असेल, तर दोन चाकांची गाडी पुरे आणि त्या चार दिवसांसाठी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आहेच. उत्तर महिना-दोन महिने असेल, तर फोर बाय फोरला पर्याय नाही आणि ४० टक्के कराची तयारी ठेवावी. आणि परसात जुनी जीप उभी असेल, तर तिला पुसूनपासून ठेवावे, बेंदराला किंवा वरातीला बाहेर काढावे. पण रात्री सांगलीच्या दवाखान्यात कुणाला न्यायचे असेल, तर किल्ली नव्या गाडीचीच उचलावी.